पाच खणांचं स्टीलचं ताट : साडेपाच महिने रोज जेवून मग लिहिलेलं

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली आणि पुढच्याच रविवारी मी नाशिकच्या भांडी बाजारातून पाच खणांची स्टीलची दोन ताटं आणली. एकाचे ३२० रुपये पडले. वसतिगृहाच्या मेसमध्ये किंवा गुरुद्वाऱ्यात लंगरला असतं तसलंच हे आयताकृती ताट. वरच्या बाजूला तीन लहान खण, खाली एक मोठा आणि एक मधल्या आकाराचा. दुकानदारानं विचारलं, "ताई, मेस चालू करताय का? डझनावर घ्या, भाव कमी करतो." म्हटलं, "नाही हो दादा, घरात जेवायला हवंय." त्यांनी तिथल्या तिथे मशीननं मागच्या बाजूला माझं नाव घालून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

डिसेंबरात शाळेतल्या आम्हा सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली होती. माझं वय ५१, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७३.८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.१. डॉक्टर म्हणाल्या, हा अजून मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, आणि तुम्ही उंबरठ्याच्या मधोमध उभ्या आहात. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की ते धोक्याचं धरतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. माझा ३१ होता. गोळी त्यांनी दिली नाही. जेवण आवरतं घ्या म्हणाल्या.

आवरतं म्हणजे किती, हे मी त्यांना तीनदा विचारलं. त्यांनी कागदावर एक गोल काढला. अर्ध्या गोलात भाजी नि कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ किंवा अंडं, उरलेल्या पावात भात किंवा पोळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतलं ताटही याच वळणाचं आहे : अर्धा भाग भाज्या-फळांचा, आणि दिवसभराच्या उष्मांकांत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत. तो कागद मी फ्रिजवर लावला. पण आमच्या घरच्या गोल, सपाट ताटात अर्धं कुठे संपतं आणि पाव कुठे सुरू होतं हे भूक लागलेल्या माणसाला दिसत नाही. भाताचा डोंगर पसरत जातो, आमटी त्याला कवेत घेते आणि सगळं एक होऊन जातं.

त्याआधी मुलानं माझ्यासाठी ऑनलाइन एक प्लास्टिकचं ताट मागवलं होतं, खणांवर चित्रं छापलेलं. त्याचे ६९९ रुपये गेले. खण इतके उथळ की वरण ताटभर फिरायचं, आणि आठवड्याभरात हळदीनं ते पिवळं पडलं. घासून, उन्हात ठेवून, सोडा लावूनही डाग गेले नाहीत. परत घ्या म्हटलं तर वापरलेली वस्तू घेत नाही असं उत्तर आलं. भाकरी, आमटी, रस्सा खाणाऱ्या घरात प्लास्टिकचं ताट आणू नका, एवढंच सांगते.

आता मुद्द्याचं. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. सत्तावीस वर्षं माझ्या हातात मोजपात्र आहे. त्यामुळे ताट घरी आल्यावर पहिलं काम केलं ते प्रत्येक खणात काठोकाठ पाणी भरून मोजायचं. मोठ्या खणात ४६० मिलीलीटर, मधल्यात २४०, वरच्या तिन्हींत प्रत्येकी १३०. बेरीज १०९०. तुम्ही कुठलंही ताट घ्या, हे एकदा कराच. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

या ताटात जेवायची जी रीत आपण मेसमध्ये पाहिली आहे, ती वजन वाढवणारी आहे. मोठ्या खणात भात, मधल्यात पोळ्यांची चवड, वरच्या वाटीएवढ्या खणांत भाजी, डाळ आणि लोणचं. पहिले चार दिवस मीही तसंच वाढून घेतलं. मग शाळेतला तराजू शनिवारी घरी आणला. मोठ्या खणात भात सपाट भरला तरी ३२० ग्रॅम होतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताला साधारण १३० उष्मांक, म्हणजे एका खणात चारशेच्या वर. आणि सपाट कोण भरतं?

म्हणून मी ताट उलटं वापरायला लागले. भाताच्या जागी भाजी, भाजीच्या जागी बाकीचं. मोठ्या खणात पालेभाजी किंवा फळभाजी, वरच्या एका खणात कोशिंबीर. दोन्ही मिळून ५९० मिलीलीटर, म्हणजे १०९० च्या अर्ध्याहून थोडं जास्तच. वरच्या उरलेल्या दोन खणांत उसळ आणि वरण, किंवा उसळ आणि दही. मधला २४० चा खण धान्याचा : भात असेल तर सपाट भरून १६५ ग्रॅम, साधारण २१५ उष्मांक. भाकरी असेल तर भात नाही. डॉक्टरांनी कागदावर काढलेला गोल या चौकोनी ताटात असा बरोबर बसला. मोजायचं जे होतं ते मी एकदाच मोजलं. आता रोज काही मोजत नाही, खण काय ते सांगतो. या वस्तूची खरी किंमत माझ्या मते एवढ्यात आहे.

आपल्या पानात मुळात डावी बाजू लहान असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे डावीकडे बोटभर वाढायचं, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. ती मांडणी सुंदर आहे, सणाला मी तशीच करते. पण डावीकडची कोशिंबीर चमचाभरच असते हे वयाच्या पन्नाशीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ती १३० मिलीलीटर असते. काकडी, गाजर, मुळा, कांदा-टोमॅटो, कोबी, बीट, जे असेल ते. कूट घातलं तर एकच चमचा, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात आणि आमच्याकडे कूट मुठीनं पडायचं.

भाकरीची अडचण मोठी होती. आमची ज्वारीची भाकरी ताटाबाहेर येते, मोडूनही खणात बसत नाही. पीठ मोजलं तर एका भाकरीला ९० ग्रॅम. मी लहान भाकऱ्या थापायला घेतल्या, ५० ग्रॅमच्या, पण हाताला इतक्या वर्षांची सवय, भाकरी आपोआप मोठी व्हायची. तोडगा सासूबाईंनी काढला. त्या ७८ वर्षांच्या आहेत. हे ताट त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. "घरात असून मेसचं ताट कशाला," असं त्या म्हणाल्या होत्या. पण भाकरीशी माझी झटापट बघून एक दिवस म्हणाल्या, "अगं, थापतेस तशीच थाप. अर्धी घे. लागली तर चतकोर घे. आम्ही काय अख्खी भाकरी पानात घेऊन बसायचो का?"

अर्धी, चतकोर, नितकोर. हे शब्द मी लहानपणी रोज ऐकले होते आणि नंतर विसरले होते. आजीकडे तांदूळ चिपट्यानं मोजून काढायचे, माणसं किती त्यावर. पसाभर, ओंजळभर, मूठभर, चिमूटभर, घासभर. आपल्या भाषेत प्रमाणाला इतके शब्द आहेत आणि मी ग्रॅम शोधत बसले होते. आता भाकरी अर्धी घेते, ती मधल्या खणावर आडवी ठेवते, खूपच भूक असेल तर सुरुवातीलाच चतकोर आणखी. अर्धी म्हणजे ४५ ग्रॅम पीठ, दीडशेच्या आसपास उष्मांक.

दुसरी गोष्ट ताटानं दाखवली ती मला अपेक्षित नव्हती. सपाट ताटात भाजीचं तेल भाकरीला लागतं, भातात मुरतं, कुठे जातं कळत नाही. खणात मात्र ते तळाशी उरतं. वांग्याची भाजी संपली आणि मोठ्या खणात पिवळा तवंग तसाच उभा राहिला. मी तो बोटानं पुसून पाहिला आणि मला वाईट वाटलं, कारण तीच भाजी मी घरातल्या सगळ्यांना रोज वाढत होते.

मग तेलाची पळी मोजपात्रात रिकामी केली. एक पळी २० मिलीलीटर. भाजीला तीन पळ्या जायच्या, म्हणजे चौघांच्या एका भाजीत ६० मिलीलीटर तेल, जवळपास पाचशे उष्मांक. महिन्याला आमच्याकडे पाच लिटरचा डबा संपायचा. चार माणसांत वाटला तर रोज माणशी ३८ ग्रॅमच्या वर. पोषण संस्थेच्या ताटात हा आकडा २७ ग्रॅम आहे. पळी मी मांडणीवर ठेवून दिली आणि ५ मिलीलीटरचा मापाचा चमचा तेलाच्या भांड्यात टाकला. फोडणीला पाच चमचे, बस. कढई जाड बुडाची घेतली, भाजीवर झाकण ठेवून त्यात पाणी ठेवायची जुनी रीत पुन्हा सुरू केली. वाफेवर भाजी शिजते, लागत नाही. आता महिन्याला साडेतीन लिटर लागतं. ह्यांना पहिले पंधरा दिवस भाजी कोरडी वाटली. आता बाहेरची भाजी त्यांना तेलकट वाटते.

तर ताट फक्त आकार राखतं. भाजीत किती तेल, आमटीत किती खोबरं, वरणावर तूप किती हे स्वयंपाक करणाऱ्यालाच बघायचं आहे. ज्या घरात वाढणारी एक नि वजन कमी करायचं असलेलं माणूस दुसरं, तिथे दोघांनी मिळूनच हे करावं लागेल.

पहिले बारा-तेरा दिवस भूक लागली, हे लपवत नाही. रात्री साडेदहाला पोटात कालवायचं. तेव्हा मी एक नियम केला आणि अजून पाळते : दुसऱ्यांदा घ्यायचं तर फक्त मोठ्या खणातलं आणि कोशिंबिरीचं. भाजी हवी तितकी, भात-भाकरी एकदाच. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीची भूक थांबली. मात्र यानं भाजीचा खर्च वाढतो. आम्ही पूर्वी आणायचो त्याहून बरीच जास्त भाजी आता लागते. नाशिकमध्ये भाजी मुबलक आणि बरीच स्वस्त असूनही आठवड्याला दोनशे-अडीचशे रुपये जास्त जातात, जूनमध्ये पालेभाज्या महागल्या तेव्हा तीनशेच्या पुढे. तेलाचं दीड लिटर वाचतं, ते थोडंफार भरून काढतं. ताटाचे ३२० रुपये एकदाच गेले, पण भाजीचे दर आठवड्याला जातात, हे धरून चाला.

सणवाराचं म्हणाल तर आमरसाची मला सर्वांत जास्त धास्ती होती. अक्षय्य तृतीयेपासून आमच्याकडे रोज रस असतो. पूर्वी वाटी भरून, मग पुन्हा अर्धी. या वर्षी वरचा एक खण रसाचा केला, १३० मिलीलीटर, साखर न घालता, आणि त्या दिवशी मधल्या खणात भात अर्धाच. पुरी दोन. रस मी एका दिवसही चुकवला नाही. मे महिन्यात वजन उतरलं नाही, वाढलंही नाही. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी मधल्या खणात सपाट घेतली, मोठ्या खणात काकडीची कोशिंबीर आणि वर दही. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरात अक्षरशः खरी व्हायची, या वेळी झाली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात कूट आणि तूप, त्यामुळे खिचडी हलकी असते हा समज आधी सोडावा लागतो.

लग्नकार्यात हे ताट नेता येत नाही. पंगतीत आग्रह होतो, बुफेत ताट मोठं असतं. तिथे मी डोळ्यांसमोर खण आणते आणि भाजी-कोशिंबिरीनं आधी अर्धं ताट भरते. आग्रह करणाऱ्याला 'नको' म्हटलं तर तो दुखावतो. 'कोशिंबीर वाढा' म्हटलं तर खुशीनं वाढतो. हे मला एप्रिलमधल्या तीन लग्नांत कळलं.

आज सकाळी वजन ६८.९ किलो. कंबर ८७. एचबीएवनसी मेमध्ये ५.८ आलं. संध्याकाळी अर्धा तास चालणं माझं आधीपासून होतं, ते तेवढंच आहे, वाढवलेलं नाही. बीएमआय २९ आहे म्हणजे वाट अजून लांब आहे, आणि महिन्याला किलोच्या आतच उतरतं. झटपट उतरवायचं असेल तर हे ताट त्या कामाचं नाही.

सासूबाईंना मी हे ताट दिलं नाही. त्यांचं वजन आपोआप कमी होतंय, त्यांना उलट घट्ट वरण, दूध आणि अंडं जास्त हवं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांचं जुनं ताट, जुनी वाटी, डावं-उजवं सगळं जसंच्या तसं आहे. वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका यांनाही असं मापात बसवू नये. आणि ज्यांची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी भात-भाकरी एकदम निम्मी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, कारण औषध तेवढंच राहून खाणं घटलं तर साखर खाली जाऊ शकते. शाळेतल्या एका सहकारी बाईंना चक्कर आलेली मी पाहिली आहे.

भांडं म्हणून सांगायचं तर, खणांच्या कोपऱ्यांत भाताची शितं आणि मेथीची पानं अडकतात. काथ्या तिथे पोचत नाही, जुना दात घासायचा ब्रश मी मोरीत ठेवला आहे. वरच्या खणांमध्ये ज्या भिंती आहेत त्या पातळ आहेत, गरम आमटी घेतली की शेजारचं दही कोमट होतं. आमटी-कढी या ताटात नीट खाता येत नाही. १३० चा खण भुरका मारायला उथळ पडतो, म्हणून मी वाटी वेगळी घेते, तीही १३० मिलीलीटरचीच शोधून आणली. ताट आडवं ठेवलं तर मांडणीत मावत नाही, उभं ठेवावं लागतं. मुलाच्या हातून एकदा पडलं, कडेला पोचा आला, पण गळत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. पत्रा जाड हवा. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, आमचं २२ गेजचं आहे. त्याहून पातळ ताट मधोमध धरून उचललं की वाकतं. लोहचुंबक लावून स्टील पारखायला सांगतात, त्यावर विसंबू नका. ३०४ आणि त्याहून स्वस्त २०२ अशा स्टीलच्या ग्रेड म्हणजे प्रती असतात, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. मागे ग्रेड कोरलेली असेल तर ती वाचा आणि बिलावर लिहून घ्या. आणि खणांची खोली बोटानं बघा : तर्जनीचं पहिलं पेर पूर्ण आत गेलं पाहिजे. माझ्या ताटात जातं, त्या प्लास्टिकच्यात अर्धंही जात नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा भांडी बाजारात जायचं आहे. ह्यांना त्यांच्या ताटावर त्यांचं नाव घालून हवं आहे, आणि मला शाळेच्या डब्यासाठी तीन पुडांचा डबा हवा आहे, ज्याचा एक पूड बाकी दोन्हींपेक्षा मोठा असेल. मिळाला तर त्यात आधी पाणी भरून मोजेन आणि आकडे इथेच खाली लिहीन.